जे यायला हवं होतं ते आलं का?

आमच्या टीममध्ये कोणी नवीन आलं की पहिल्या आठवड्यात मी त्यांना एक काम देते. आपल्या सिस्टिममध्ये रोज काय काय येतं त्याची यादी करायची. कोणत्या शाखेचा दिवस सकाळी किती वाजता उघडतो, कोणती फाइल कुठून आणि किती वाजेपर्यंत येते, कोणता एसएमएस कोणाला जातो, रात्रीचा डे-एंड (दिवसाचे हिशोब बंद करण्याचं काम) साधारण किती वेळ चालतो. मुलं आधी बिघाडांची यादी करायला बसतात, कारण त्यांना तेच शिकवलेलं असतं: सीपीयू भरला तर, डिस्क भरली तर, डेटाबेस बंद पडला तर. ती यादी कधी संपत नाही. रोज येणाऱ्या गोष्टींची यादी मात्र संपते, आणि मॉनिटरिंगची, म्हणजे सिस्टिमवर नजर ठेवण्याची, सुरुवात तिथून व्हावी असं माझं ठाम मत आहे.

मी सांगलीत काम करते. सहकारी बँका आणि पतसंस्थांचं सॉफ्टवेअर आमची कंपनी बनवते आणि चालवतेही. त्यातला मला सगळ्यात जवळचा भाग पिग्मीचा. ज्यांनी पिग्मी एजंट कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. हा माणूस रोज बाजारपेठेतून फिरतो. पानपट्टीवाला, भाजीवाली, सलूनवाला, पंक्चर काढणारा यांच्याकडून पन्नास, शंभर, दोनशे रुपये घेतो आणि हातातल्या मशीनमधून पावती काढून देतो. सकाळी त्या मशीनमध्ये खात्यांची यादी भरलेली असते, दिवसभर ते नेटवर्कशिवाय चालतं. संध्याकाळी एजंट शाखेत येतो, रोकड भरतो, मशीनमधला भरणा सर्व्हरवर चढवतो, आणि मग प्रत्येक खातेदाराला मेसेज जातो: आपल्या खात्यात इतके रुपये जमा. त्या मेसेजची वाट पाहणारी माणसं आहेत. भाजीची पाटी आवरता आवरता फोन बघणारी बाई मी स्वतः पाहिली आहे. पासबुक भरून घ्यायला ती वर्षातून एकदा शाखेत जात असेल. तिच्यासाठी बँक म्हणजे तो संध्याकाळचा मेसेज.

३० सप्टेंबर २०२१ हा गुरुवार होता. सहामाहीचा शेवटचा दिवस, त्यामुळे शाखांमध्ये माणसं उशिरापर्यंत बसलेली. रात्री आठनंतर तासगावकडच्या एका शाखेतून शाखाधिकारी मॅडमचा फोन आला. "ताई, तुमच्याकडं काही झालंय का? माझे एजंट मशीन घेऊन उभे आहेत, एकाचाही भरणा चढत नाही. आणि दुकानदारांचे फोन सुरू झालेत, पैसे घेतले मग मेसेज का नाही म्हणून."

समोर ग्राफानाच्या, म्हणजे सर्व्हरचे आकडे आलेखांत दाखवणाऱ्या साधनाच्या, पडद्यावर लाल काहीच नव्हतं. एरर शून्य. सीपीयू निवांत. प्रतिसादाचा सरासरी वेळ तर नेहमीपेक्षा चांगला. तो चांगला का, हे नंतर लक्षात आलं: सगळ्यात हळू चालणारी जुनी मशीन त्या संध्याकाळी सर्व्हरपर्यंत पोचतच नव्हती, म्हणून सरासरी सुधारली होती.

झालं होतं असं. सर्व्हर आपली ओळख पटवायला सर्टिफिकेट दाखवतो, आणि त्या सर्टिफिकेटची खात्री त्याच्या वरचं सर्टिफिकेट देतं, अशी साखळी असते. जगभरातले असंख्य सर्व्हर ज्या मोफत सर्टिफिकेटवर चालतात, त्याच्या साखळीतलं सगळ्यात वरचं, जुनं मूळ सर्टिफिकेट त्या दिवशी भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ७ वाजून ३१ मिनिटांनी संपलं. ती तारीख वीस-एकवीस वर्षं आधीपासून त्या सर्टिफिकेटवर लिहिलेली होती. आमच्या डोमेनच्या सर्टिफिकेटची मुदत अजून शिल्लक होती, आणि मुदत तपासणारा मॉनिटर नेमकं तेवढंच बघत होता. नवे फोन आणि ब्राउझर दुसऱ्या मूळ सर्टिफिकेटवरून वाट काढत होते. हातातल्या जुन्या मशीनमध्ये मात्र ओपनएसएसएल १.०.२ या सुरक्षित जोडणी करणाऱ्या लायब्ररीच्या पिढीतलं सॉफ्टवेअर. त्याला साखळीच्या टोकाला संपलेलं सर्टिफिकेट दिसलं की ते जोडणीच सोडून देतं. विनंती आमच्या अ‍ॅप्लिकेशनपर्यंत आलीच नाही, तर लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदवहीत, काय उमटणार? ट्रेसमध्ये, म्हणजे विनंतीच्या प्रवासाच्या नोंदीत, तरी काय दिसणार? आमचं सगळं निरीक्षण उंबऱ्याच्या आत होतं आणि माणसं उंबऱ्याबाहेर ताटकळत होती.

त्या रात्री दुसऱ्या एका संस्थेचं सर्टिफिकेट घेतलं, जिचं मूळ त्या मशीनना ओळखीचं होतं. ते लोड बॅलन्सरवर, म्हणजे येणाऱ्या विनंत्या सर्व्हरांमध्ये वाटणाऱ्या यंत्रणेवर, बसवलं आणि भरणा चढू लागला. मेसेज गेले, पण दुकानं बंद झाल्यावर.

तेव्हापासून माझं सगळं लक्ष एका प्रश्नावर आहे. जे घडलं त्याची नोंद ठेवणारी साधनं आपल्याकडं भरपूर आहेत. जे घडलं नाही ते कोणाला कळतं? त्या संध्याकाळी ते कळलं भाजीवालीला, कारण ती वाट पाहत होती. सर्व्हर कशाचीच वाट पाहत नव्हता.

यात साधनांचाही मोठा वाटा आहे आणि तो नीट समजून घ्यायला हवा. आम्ही प्रोमिथियस हे सर्व्हरचे आकडे गोळा करून अलर्ट देणारं सॉफ्टवेअर वापरतो. बर्लिनच्या साउंडक्लाउड कंपनीत २०१२ मध्ये ते सुरू झालं. गूगलमधून आलेल्या अभियंत्यांनी तिथल्या बोर्गमॉन या अंतर्गत प्रणालीची कल्पना घेऊन ते लिहिलं, आणि २०१६ मध्ये कुबरनेटीस या दुसऱ्या प्रकल्पाच्या पाठोपाठ ते क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशन या मुक्त सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या संस्थेकडं गेलं. त्याची एक गोष्ट मला फार आवडते: ते स्वतः दर काही सेकंदांनी प्रत्येक सर्व्हरकडं जाऊन आकडे मागतं. उत्तर आलं नाही तर 'अप' नावाची नोंद शून्य होते. म्हणजे मेलेला सर्व्हर लगेच दिसतो. सर्व्हरनं आपणहून आकडे पाठवायचे अशी व्यवस्था असेल तर मेलेला सर्व्हर फक्त गप्प होतो.

पण तिथंही गाळलेल्या जागा आहेत. एक नियम घ्या, जो जवळजवळ प्रत्येक कंपनीत असतो: गेल्या पाच मिनिटांत ५ टक्क्यांहून जास्त विनंत्या फसल्या तर कळव. आता विनंत्याच आल्या नाहीत असं समजा. फसलेल्या शून्य, एकूण शून्य. शून्याला शून्यानं भागलं की उत्तर येतं 'संख्या नाही'. ते पाचपेक्षा मोठं आहे का? नाही. अलर्ट वाजत नाही. ग्राफवर रेघ तुटलेली दिसते आणि पाहणाऱ्याला वाटतं, पान अजून लोड होतंय.

आणखी एक. प्रोमिथियसमध्ये जी मालिका, म्हणजे वेळोवेळी नोंदलेल्या आकड्यांची रांग, अस्तित्वातच नाही तिच्यावरच्या तुलनेचं उत्तर रिकामं येतं, आणि रिकामं म्हणजे अलर्ट नाही. एखादा सर्व्हर बंद पडला तर 'अप' शून्य होतं, पण तोच सर्व्हर यादीतूनच निघाला, कोणी कॉन्फिगरेशनमध्ये नाव बदललं, तर 'अप' शून्यही होत नाही. ते नाहीसं होतं. त्याच्यावरचे सगळे अलर्ट त्याच्याबरोबर गप्प होतात. यासाठी 'अ‍ॅब्सेंट' नावाचं फंक्शन आहे, पण त्याला कोण गैरहजर आहे ते आधी सांगावं लागतं. शंभर शाखांपैकी कोणती आली नाही हे ते आपणहून सांगू शकत नाही.

म्हणून आम्ही शाखांची यादीच मोजमापात आणली. कोअर बँकिंगच्या मास्टरमधून, म्हणजे शाखांच्या मूळ यादीतून, रोज सकाळी एक नोंद तयार होते: या शाखेकडून आज पिग्मीचा भरणा अपेक्षित आहे. दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष आलेला भरणा. दोन्हींमध्ये 'अनलेस' लावायचं: अपेक्षित आहेत त्या सगळ्या शाखा, ज्यांचा आला त्या वगळून. उरतात त्या गैरहजर. शाळेत बाई हजेरी घेतात तेव्हा त्यांच्या हातात पट असतो, म्हणून कोण आलं नाही ते कळतं. आमच्या मॉनिटरिंगला तो पट नव्हता.

रात्रीच्या बॅच जॉबचा, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांचा, प्रकार आणखी फसवा. असे जॉब दोन मिनिटं चालून संपतात, त्यामुळं ते आपला निकाल पुशगेटवेकडं, म्हणजे प्रोमिथियसला ते आकडे देणाऱ्या मधल्या सेवेकडं, ठेवून जातात. पुशगेटवे शेवटचा ठेवलेला आकडा सांभाळून ठेवतो, कोणी पुसेपर्यंत. सोमवारी जॉबनं 'यशस्वी' ठेवलं आणि मंगळवारपासून तो चाललाच नाही, तर गुरुवारीही तिथं 'यशस्वी' दिसणार. त्यामुळं आमच्याकडं आता यश-अपयश कोणी ठेवत नाही. शेवटचं यश कोणत्या क्षणी मिळालं ती वेळ ठेवायची, आणि आत्ताच्या वेळेतून ती वजा करून २६ तासांच्या वर गेली की अलर्ट. २४ ठेवले तर दहा मिनिटं उशीर झालेला जॉबही रात्री झोपेतून उठवतो.

ही लहान गावातल्या लहान कंपनीची गोष्ट आहे असं कोणी समजू नये. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीच्या एका अभियंत्याच्या हातून चालू डेटाबेसची फाइल-डिरेक्टरी पुसली गेली. बॅकअप घ्यायला गेले तर बॅकअप नव्हते. डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ चा, बॅकअप घेणारा प्रोग्राम ९.२ चा, त्यामुळं तो रोज अपयशी होत होता. अपयशाचा ईमेलही निघत होता. पण त्या ईमेलवर योग्य सही नसल्यामुळं डीमार्क या बनावट ईमेल रोखणाऱ्या नियमानं तो नाकारला जात होता. कोणालाही एकही ईमेल मिळाला नाही, आणि ईमेल नाही म्हणजे बॅकअप होतोय असं सगळे धरून चालले. सुमारे सहा तासांचा डेटा गेला. गिटलॅबनं हे सगळं स्वतः जाहीर लिहिलं, दुरुस्तीचं काम यूट्यूबवर थेट दाखवलं. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. तो अहवाल मी नवीन मुलांना वाचायला लावते.

त्याहून मोठं उदाहरण १४ ऑगस्ट २००३ चं. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात अ‍ॅक्रन इथं फर्स्टएनर्जी या वीज कंपनीचं नियंत्रण कक्ष होतं. दुपारी २ वाजून १४ मिनिटांनी तिथली अलार्म यंत्रणा अडकली. सॉफ्टवेअरमधल्या दोन प्रक्रिया एकाच वेळी एकाच माहितीवर लिहायला गेल्या आणि अलार्मचं काम तिथंच थांबलं. पडदे चालू होते. फक्त नवे अलार्म येईनात. तीननंतर एकामागून एक उच्चदाबाच्या वाहिन्या, खाली झुकून वाढलेल्या झाडांना लागून, बंद पडत गेल्या. शेजारच्या कंपन्यांचे फोन येत होते, तुमची अमुक लाइन गेली का. ऑपरेटरांच्या पडद्यावर तसं काही नव्हतं, म्हणून त्यांना फोन करणाऱ्यांचं पटेना. आणखी वाईट म्हणजे सर्व्हर बंद पडल्याचा निरोप त्यांच्याच आयटीच्या माणसांना पेजरवर गेला होता. त्यांनी सर्व्हर पुन्हा सुरू केला. अलार्म चालतोय का हे नियंत्रण कक्षातल्या ऑपरेटरांना विचारलं नाही. चार वाजून दहा मिनिटांच्या सुमारास अमेरिका आणि कॅनडातल्या सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली.

दोन्ही देशांच्या संयुक्त समितीचा अहवाल एप्रिल २००४ मध्ये आला. मोठा आहे, पण ऑपरेटरांच्या फोनवरच्या संभाषणाचा भाग ज्याला ऑन-कॉल काम (बिघाड झाला की कधीही फोन घेण्याचं) करायचं आहे त्यानं जरूर वाचावा. पडदा एक सांगतो आणि फोनवरचा माणूस दुसरं, तेव्हा मी फोनवरच्या माणसाचं आधी ऐकते. तासगावच्या मॅडमचा फोन आला नसता तर सकाळपर्यंत आमच्याकडं कोणाला काही कळलं नसतं.

उलट बाजूही मला दिसते. सगळ्याची वाट पाहायची म्हटलं की अलर्टचा पूर येतो, आणि पुरात महत्त्वाचा निरोप वाहून जातो. नाइट कॅपिटल या अमेरिकी दलाल कंपनीत १ ऑगस्ट २०१२ च्या सकाळी, बाजार उघडायच्या आधी, एका चुकीच्या स्थितीचा उल्लेख असलेले ९७ ईमेल कर्मचाऱ्यांना गेले होते. ते अलर्ट म्हणून बनवलेलेच नव्हते आणि कोणी ते तसे वाचले नाहीत. आठांपैकी एका सर्व्हरवर नवा कोड पोचला नव्हता. बाजार उघडल्यावर सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचं ४६ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. तेव्हा आमच्याकडं नियम आहे: जो अलर्ट आल्यावर कोणाला उठून काही करायचं नसतं, तो अलर्ट काढून टाकायचा. हा नियम पाळणं सोपं नाही. प्रत्येक अलर्टचा कोणी ना कोणी जुना मालक असतो आणि त्याला तो काढायची भीती वाटते. मी तो वाद दर महिन्याला घालते आणि घालत राहणार.

गैरहजेरी मोजताना सगळ्यात अवघड असतं कॅलेंडर. एरर मोजायला गावाची माहिती लागत नाही, न आलेल्या गोष्टी मोजायला लागते. प्रत्येक गावाचा आठवडी बाजार वेगळ्या वारी. बाजाराच्या दिवशी एका गावात भरणा दुप्पट, तर दुसऱ्या गावात एजंट संध्याकाळऐवजी रात्री येतो. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद, पतसंस्थांचं आपापलं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कोणीच भरणा देत नाही. गणपती विसर्जनाला दुकानं दुपारीच बंद. म्हणून कालच्या आकड्याशी तुलना करायची नाही, गेल्या चार आठवड्यांतल्या त्याच वाराशी करायची, आणि सुट्ट्यांचा तक्ता शाखेनं स्वतः भरायचा. ती माहिती पुण्यातल्या किंवा बंगळुरूतल्या कुठल्याही सेवेकडून विकत मिळत नाही. जुलै २०२१ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा त्या भागातला भरणा थांबला, आणि तो थांबणं खरंच होतं. अशा वेळी अलर्ट बंद करण्याचा अधिकार आम्ही शाखेला दिला आहे, इंजिनिअरला नाही.

आता पहारेकऱ्यावर पहारा. त्या ३० सप्टेंबरनंतर चारच दिवसांनी, ४ ऑक्टोबरला, रात्री नऊच्या सुमारास फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप जगभर बंद पडलं, सुमारे सहा तास. देखभालीच्या कामातल्या एका आदेशानं त्यांच्या डेटा सेंटरांना जोडणारं जाळंच तुटलं. तो आदेश अडवायला हवा होता त्या तपासणी-साधनातही दोष होता. त्यांची अंतर्गत साधनंही त्याच जाळ्यावर असल्यानं अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावं लागलं. इकडं आमच्या सगळ्या शाखांचा तक्रारींचा ग्रुप व्हॉट्सअ‍ॅपवर. तो गप्प झाला. सहामाहीच्या कामाच्या त्या दिवसांत तो रात्री कधी गप्प नसायचा.

तसंच २८ फेब्रुवारी २०१७ ला अ‍ॅमेझॉनची एस३ ही फाइल साठवण्याची सेवा कोलमडली तेव्हा त्यांचं सेवा-स्थिती दाखवणारं पान बराच वेळ बदलताच आलं नाही, कारण ते पान एस३ वरच अवलंबून होतं.

आमच्याकडं आता प्रोमिथियसमध्ये एक अलर्ट कायम वाजत असतो. त्याची अट नेहमी खरी असते. तो दर मिनिटाला बाहेरच्या, वेगळ्या कंपनीच्या क्लाउडवरच्या एका छोट्या सेवेला जातो. तो यायचा थांबला की ती सेवा ऑन-कॉल माणसाला थेट फोन लावते, साधा मोबाइल कॉल. म्हणजे आमचं मॉनिटरिंग, आमचं इंटरनेट, आमचा अलर्टमॅनेजर (अलर्ट पोचवणारा प्रोग्राम), यातलं काहीही मेलं तरी फोन वाजतो. या कामाला एक दुपार लागली. ज्या कोणाकडं हे नाही त्यांनी वाचन इथं थांबवून आधी ते करावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणि रॅकच्या शेजारी एका फळीवर एक जुनं पिग्मी मशीन आहे, चार्जरला लावलेलं. तेच जुनं सॉफ्टवेअर, तीच जुनी लायब्ररी, बाहेरच्या मोबाइल नेटवर्कचं सिम. दर पंधरा मिनिटांनी ते चाचणी खात्यात एक रुपया भरतं आणि माझ्या टेबलावरच्या एका साध्या फोनवर मेसेज येतो. तो मेसेज आला का, हे दुसरा प्रोग्राम बघतो. सर्टिफिकेट, डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणारी व्यवस्था), मोबाइल कंपनी, एसएमएस देणारी संस्था, यातलं कुठंही काही तुटलं तरी साखळीच्या शेवटी मेसेज येत नाही. कुठं तुटलं ते मग लॉग आणि ट्रेस सांगतात, आणि त्यासाठी आम्ही ओपनटेलिमेट्री हे अशा नोंदी गोळा करणारं साधन लावलं आहे. तुटलं की नाही हे मात्र ते मशीन सांगतं. नवी मशीन आता जोडणी न झालेले प्रयत्नही स्वतःत लिहून ठेवतात आणि पुढच्या वेळी सर्व्हर भेटला की पाठवतात, वेळेसकट. हे आधीपासून असतं तर ७ वाजून ३१ मिनिटं हा आकडा आम्हाला आमच्याच नोंदींत सापडला असता.

सध्या काम चाललंय ते एकेका एजंटच्या पातळीवर, आणि तिथं मी फार जपून पावलं टाकते आहे. शाखेचा भरणा आला पण त्यातला एक एजंट तीन दिवस नाही. मशीन बिघडलं असेल, तो आजारी असेल, मुलीचं लग्न असेल, किंवा त्यानं लोकांचे पैसे घेऊन भरले नसतील. आकड्यात या चारही गोष्टी सारख्याच दिसतात. आमच्यातल्या काहींना वाटतं की थेट मुख्य कार्यालयाला लाल निशाण जावं. मला ते मान्य नाही. वीस-वीस वर्षं पायी फिरून लोकांची बचत गोळा करणाऱ्या माणसाचं नाव एका रिकाम्या रकान्यावरून वर जाता कामा नये. तो निरोप आधी शाखाधिकाऱ्याला जातो, साध्या शब्दांत: अमुक एजंटचा भरणा तीन दिवस आलेला नाही, कृपया फोन करा. फोन केल्याची नोंद शाखेत होईपर्यंत दुसरं काही होत नाही. एका दिवसात ती नोंद झाली नाही तरच निरोप पुढं जातो, आणि त्यात नाव एजंटचं नसतं, शाखेचं असतं.